डोक्यावरचे कापड आणि मान

डोक्यावरून घेतलेले कापड मानेला किती बांधते, हे त्याच्या जाडीपेक्षा ते कुठे कुठे अडकले आहे यावर ठरते. फेटा फक्त डोक्याला गुंडाळलेला असतो. मान वळली की तोही वळतो. त्याचा शेमला पाठीवर रुळत राहतो आणि मानेला त्याची दखल घ्यावी लागत नाही. पदराची गोष्ट वेगळी. तो कमरेपासून निघतो, छातीवरून डाव्या खांद्यावर चढतो, तिथून पाठीमागून डोक्यावर येतो आणि उजव्या खांद्यावर उतरतो. ओढणी, दुपट्टा, हनुवटीखाली टाचणी लावलेला हिजाब, दुचाकीवर बसण्याआधी तोंडाभोवती आवळलेला स्कार्फ ही कापडेही डोके आणि धड यांना एकमेकांशी जोडतात. या दोहोंच्या मधे मान असते. जोडलेल्या दोन टोकांमधल्या चंचल भागाचे काय होते, हा या विषयाचा गाभा आहे.

पुरुषांची फेटा, पागोटे, मुंडासे, टोपी ही वस्त्रे डोक्यापुरती असतात. स्त्रियांची बहुतेक वस्त्रे डोके आणि धड जोडणारी. मात्र शेतात कामाला वाकणारी बाई पदर कमरेला खोचते आणि डोक्याला वेगळे फडके बांधते. कापूस वेचताना, कांदा काढताना, ऊस तोडताना जोडणारे वस्त्र परवडत नाही, हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. कामाची गरज आणि मर्यादेची अपेक्षा यांतला फरक तिच्या त्या दोन कापडांत स्पष्ट दिसतो.

मानेत सात मणके असतात. जिराफाच्या लांबलचक मानेतही तितकेच. माणसाच्या मानेतले वरचे दोन मणके बाकीच्यांहून निराळे आहेत. कवटी आणि पहिला मणका यांच्यातला सांधा मुख्यतः होकाराची हालचाल करतो, तर पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमधला सांधा नकाराची. डोके वळवण्याच्या एकूण हालचालीपैकी जवळपास निम्मी या एकाच सांध्यात होते. निरोगी तरुण व्यक्ती डोके प्रत्येक बाजूला साधारण ७० ते ८० अंश वळवू शकते, खांद्याकडे ४५ अंशांच्या आसपास कलवते, पुढे ५० अंशांच्या आसपास वाकवते आणि मागे त्याहून थोडे अधिक नेते. वयाबरोबर हे आकडे उतरत जातात. रोजच्या बहुतेक कामांना या पल्ल्याच्या निम्म्याहून कमी हालचाल पुरते. पूर्ण पल्ला लागतो तो मोजक्या वेळी, म्हणजे रस्ता ओलांडताना, वाहन मागे घेताना, मागून कुणी हाक मारली की. त्यामुळे कापडाने शेवटचे दहा अंश अडवले तर स्वयंपाकघरात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. चौकात मात्र तेच दहा अंश महत्त्वाचे ठरतात.

कापड आणि मान यांचा हिशेब शिंप्याच्या टेपनेही मांडता येतो. डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर धरला, तर डोके एक अंश वळताना त्याच्या पृष्ठभागावरचा बिंदू दीड मिलिमीटरहून किंचित अधिक सरकतो. ७० अंश वळल्यावर हे अंतर जवळपास ११ सेंटिमीटर होते, म्हणजे आडव्या धरलेल्या सहा बोटांएवढे. कापड डोक्यावर आणि खांद्यावर दोन्हीकडे पक्के असेल, तर हे ११ सेंटिमीटर कुठून तरी यावे लागतात. ते येण्याच्या वाटा तीनच. कापडात आधीच झोळ ठेवलेला असेल, तर तो उलगडतो. झोळ नसेल तर कापड केसांवरून घसरते. तेही शक्य नसेल तर कापडाला ताणले जावे लागते. तिन्ही वाटा बंद झाल्या की कापडाची कड हनुवटीला किंवा गालाला ओढ देते आणि मान तिथेच थांबते. पुढचे वळण मग खांदे आणि कंबर घेतात. लांबून पाहणाऱ्याला बाई मागे वळलेली दिसते. वळलेले असते तिचे धड.

ताणण्याच्या बाबतीत कापडाच्या विणीला महत्त्व आहे. सुती कापड उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या दिशेने फारसे ताणले जात नाही, उरेब मात्र सहज ताणते. चौकोनी स्कार्फची तिरपी घडी घालून त्याचा त्रिकोण केला की चेहऱ्याभोवती येणारी घडीची कड नेमकी उरेब असते, म्हणून ती मानेबरोबर थोडी सैल होते आणि पुन्हा जागेवर येते. लांब ओढणी सरळ धाग्यावर घेतलेली असते. तिच्यात ही लवचीकता नाही. होजिअरीचे कापड सर्व दिशांना ताणले जाते. एकाच रंगाचे, एकाच आकाराचे दोन हिजाब मानेला अगदी वेगळे वाटू शकतात ते यामुळे. शिफॉन आणि नायलॉन तर केसांवर टिकतच नाहीत. ते टिकवण्यासाठी टाचण्या वाढतात आणि प्रत्येक नवी टाचणी घसरण्याची वाट थोडी आणखी बंद करते. आत सुती टोपी घालून कापड त्या टोपीलाच टाचणारी बाई या अडचणीतून सुटते, कारण तिथे कापडाचा एक आधार खांद्यावरून डोक्यावर आलेला असतो.

पदराला टाचणी नसते. तो केसांच्या घर्षणावर आणि अंबाड्याच्या उंचवट्यावर टिकतो, म्हणून तो मानेला कधीच बळाने अडवत नाही. उलट मान त्याला सांभाळते. डोके मागे नेले की पदर उताराला लागतो. डोके पुढे झुकवले तर मानेमागचे अंतर वाढते आणि पाठीवरच्या कापडाकडून पदर मागे ओढला जातो. झटक्याने वळावे तर तो एका कानावरून निसटतो. वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना बाईचा एक हात आपोआप डोक्याशी जातो, तो याच कारणाने. पदर जागेवर ठेवायचा तर डोक्याला एका अरुंद पट्ट्यात राहावे लागते: किंचित खाली, फारसे न वळता, सावकाश. डोळे मध्यापासून ४५ ते ५० अंशांपर्यंत फिरू शकतात, पण साधारण १५ ते २० अंशांपलीकडे पाहायचे झाले की एरवी डोके मदतीला येते. डोक्यावर पदर असताना ही मदत उशिरा येते किंवा येतच नाही. डोळे कोपऱ्यापर्यंत जातात आणि मान स्थिर राहते. पदर ढळू देऊ नये, मान खाली घालून चालावे या दोन सूचना मुलींना वेगवेगळ्या दिल्या जात; शरीराच्या दृष्टीने त्या एकच होत्या.

केशवपन केलेल्या विधवांच्या आलवणाचा विचार इथे टाळता येत नाही. डोक्यावर केस नाहीत, अंबाडा नाही; कापड धरून ठेवणारे काहीच उरलेले नाही. ते तांबडे वस्त्र कपाळापासून डोक्याभोवती घट्ट ओढून घ्यावे लागे आणि दिवसभर हाताने सावरावे लागे. त्या प्रथेच्या क्रौर्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. गुळगुळीत डोक्यावरून सतत घसरणारे कापड जन्मभर सांभाळणाऱ्या मानेचा थकवा मात्र त्या चर्चेत आला नाही, आणि तोही त्या क्रौर्याचाच भाग होता.

डोक्यावर हंडा आला की हे सगळे आणखी काटेकोर होते. पदरावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. इथे कापड घसरण्याचा प्रश्न नसतो, कारण भार त्याला दाबून धरतो. पण मानेची हालचाल जवळपास शून्यावर येते आणि तोल सांभाळण्याचे काम कंबर आणि गुडघे घेतात. पाणी वाहणारी बाई वळते ती पावलांनी. कोकणात लावणीच्या वेळी पावसात डोक्यावर आणि पाठीवर घेतले जाणारे इरलेही असेच. बांबूच्या सांगाड्यात पाने विणलेले ते कवच डोके आणि पाठ यांना एक करून टाकते. वाकून रोप लावणाऱ्या बाईचे हात त्यामुळे मोकळे राहतात. तिला बाजूला पाहायचे असेल तर अख्खे इरले वळते.

इथवर मानेच्या हालचालीचे झाले. स्थितीचे भान ही त्याहून सूक्ष्म गोष्ट आहे. डोळे मिटूनही आपले डोके सरळ आहे की कलले आहे, किती वळले आहे, हे माणसाला कळते. शरीराच्या आतून येणाऱ्या या जाणिवेला चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये प्रोप्रिओसेप्शन हे नाव दिले. डोक्याच्या जागेचे एकूण भान मात्र तीन ठिकाणांहून येते: डोळे, अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा अवयव आणि मानेचे स्नायू व सांधे. कानातला अवयव डोके हलले एवढेच सांगतो. डोके धडाच्या तुलनेत हलले की सगळे शरीरच वळले, हे त्याला एकट्याला ठरवता येत नाही. तो निवाडा मानेच्या साक्षीवर होतो.

ही साक्ष मुख्यतः स्नायूंमधल्या चातीच्या आकाराच्या बारीक संवेदकांकडून येते. त्यांना स्पिंडल म्हणतात. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला गेला, हे ते मेंदूला कळवतात. कवटीच्या खाली, मानेच्या अगदी वरच्या टोकाला असलेल्या छोट्या स्नायूंत त्यांची दाटी विलक्षण आहे. २००१ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, मानवी गर्भांवरच्या एका अभ्यासात त्यांपैकी एका स्नायूत दर ग्रॅमला २४२ स्पिंडल आढळले. इतके संवेदक असलेला हा स्नायू बोटाच्या पेराएवढा आहे. जोराचे काम करणे हा त्याचा मुख्य धर्म नसावा. तो डोक्याची जागा मोजत बसलेला असतो. मानेची ही साक्ष बिघडली की काय होते तेही प्रयोगांनी दाखवले आहे. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मानेच्या वरच्या भागात बधिरता आणणारे औषध टोचल्यावर माणसांना चालताना तोल गेल्यासारखे वाटू लागले, जरी त्यांचे कान आणि डोळे पूर्ण शाबूत होते. मानेमागच्या स्नायूला यंत्राने कंप दिला तर अंधाऱ्या खोलीतला स्थिर प्रकाशबिंदू सरकताना दिसतो. इथे ‘मान’ या शब्दाचेही पाहू. आयुर्वेदात मान धरण्याला मन्यास्तंभ म्हणतात. मन्या म्हणजे मानेचा मागचा भाग. मराठीतला ‘मान’ हा अवयववाचक शब्द तिथूनच आला. सन्मानाचा ‘मान’ निराळ्या मुळाचा आहे, पण मराठी बोलणाऱ्याने ताठ मान म्हटले की दोन्ही अर्थ एकत्र ऐकू येतात. डोक्यावरच्या कापडाच्या विषयात तर ते वेगळे करणे अवघडच आहे.

स्थितीच्या भानाला त्वचेचीही साथ असते. सांधा वाकला की त्यावरची कातडी एका बाजूला ताणली जाते, दुसरीकडे सुरकुतते. मेंदू ही माहितीही वापरतो. गुडघ्याला लवचीक पट्टी बांधली तर डोळे मिटून गुडघ्याचा कोन ओळखणे काही जणांना अधिक चांगले जमते, विशेषतः ज्यांचे भान मुळात कमी असते त्यांना. पट्टी गुडघ्याला आधार देते तो जेमतेम. कातडीला ती जी खबर देते तिचाच उपयोग अधिक. मान दुखणाऱ्याला देतात त्या मऊ पट्ट्याचेही असेच आहे. फोमचा तो पट्टा मानेची हालचाल फार थोडी अडवतो, पण हनुवटी त्याला टेकली की माणूस स्वतःच थांबतो.

म्हणून डोक्यावरच्या कापडाकडे केवळ अडथळा म्हणून पाहणे अपुरे आहे. तो अडथळा आहे आणि खबरही आहे. हनुवटीखालून गेलेली कड, कानावरचा दाब, मानेमागचा झोळ हे सगळे डोके कुठे आहे याच्या खुणा बनू शकतात. प्रत्येक केसाच्या मुळाभोवती मज्जातंतूंची टोके असतात. सारखा एकाच जागी असलेला स्पर्श ती थोड्या वेळात विसरतात, पण कापड बोटभर सरकले तरी लगेच सांगतात. पदर ढळल्याचे बाईला आरशाविना कळते ते यामुळे. हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या लंडनच्या दोघा मज्जाविकारतज्ज्ञांनी १९११ मध्ये असे मांडले की मेंदूत शरीराचा एक आराखडा सतत बनत असतो आणि सवयीच्या वस्तू त्यात सामील होतात. स्त्रीला तिच्या हॅटवरच्या पिसाच्या टोकापर्यंत जागेचे भान असू शकते, हे त्यांनी दिलेले उदाहरण. पिसाच्या जागी पदर ठेवला तर हे विधान मराठी घरात रोज खरे ठरताना दिसते. दाराच्या कडीत पदर अडकू नये म्हणून आधीच किंचित कलणारी आजी आपल्या शरीराच्या कडेचाच अंदाज घेत असते, आणि त्या कडेत तिचे लुगडे धरलेले असते.

या भानाला मर्यादा आहे. कापडाचे मोकळे टोक वाऱ्यावर गेले की ते आराखड्याबाहेर पडते. नर्तकी इझाडोरा डंकन १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात उघड्या मोटारीत बसली होती. तिचा लांब स्कार्फ चाकात गुंतला आणि मानेला बसलेल्या ओढीने ती मरण पावली. भारतात मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जाळी लागते ती याच भयाने. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये मागे बसणाऱ्याच्या कपड्यासाठी मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण सांगितले आहे. तरीही चाकात ओढणी गुंतून मानेला इजा झालेल्या मुली रुग्णालयात येतात. मागे बसताना ओढणीची दोन्ही टोके पुढे घेऊन मांडीखाली दाबणे हे सेकंदाचे काम आहे आणि ते प्रत्येक मुलीला आवर्जून सांगितले पाहिजे.

स्थितीचे भान मोजण्याची रीत सोपी आणि सुंदर आहे. मिशेल रव्हेल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ती मांडली. व्यक्तीच्या डोक्यावर प्रकाशाचा किरण सोडणारे साधन बसवतात आणि तिला भिंतीपासून ९० सेंटिमीटर अंतरावर बसवतात. डोके सरळ असताना किरण जिथे पडतो तो मध्यबिंदू. मग डोळे झाकून तिने डोके पूर्ण वळवायचे आणि पुन्हा सरळ आणायचे. किरण मध्यबिंदूपासून किती दूर पडला, त्यावरून चूक अंशांत काढतात. सुमारे साडेचार अंशांची मर्यादा निरोगी मान आणि दुखरी मान यांच्यात फरक करायला वापरली जाते. ९० सेंटिमीटरवर ती चूक भिंतीवर सात सेंटिमीटर दिसते. हालचालीचा पल्ला मोजायला चष्म्यासारखी चौकट असते. तिच्यावर कोनमापक आणि होकायंत्राची सुई बसवलेली असते, तर खांद्यांवर चुंबक ठेवतात.

डोक्यावर कापड घेतलेल्या स्त्रीची अशी तपासणी करताना एक बारकावा सहज निसटतो. साधन कापडावर बसवले तर कापड घसरेल तसे साधनही घसरते, आणि मोजली जाते ती मानेची चूक की कापडाची, हे कळत नाही. साधन कपाळाच्या उघड्या त्वचेवर घट्ट टेकलेले हवे. दुसरी गोष्ट याहून मोलाची. कापडाचा परिणाम दोन प्रकारचा असतो आणि ते दोन्ही अनेकदा एकत्र मोजले जातात. एक परिणाम त्या क्षणाचा: कापड आहे तोवर मान कमी वळते, काढले की पुन्हा पूर्ण वळते. दुसरा सवयीचा: वर्षानुवर्षे अरुंद पट्ट्यात राहिलेली मान कापड काढल्यावरही त्याच पट्ट्यात राहते. पहिला ओळखायचा तर तीच स्त्री आधी कापडासह आणि मग कापडाविना तपासावी लागते. दुसऱ्यासाठी वेगवेगळ्या स्त्रियांची तुलना करावी लागते आणि तिथे वय, शिलाईचे काम, डोक्यावरून वाहिलेले पाणी, मोबाइलवर वाकलेली मान ही सगळी कारणे आत शिरतात. हा भेद न करता डोके झाकणाऱ्या बायकांच्या माना आखडतात असे म्हणणे त्या बायकांवर अन्याय करणारे आहे. घट्ट कापडाचे दोष कापडाच्या प्रथेला चिकटवणेही तितकेच चूक.

सवयीच्या बाजूने पाहिले तर एक उदाहरण बोलके आहे. नमाजच्या शेवटी सलाम फेरताना डोके आधी उजव्या आणि मग डाव्या खांद्याकडे वळवले जाते. पाचही नमाज अदा करणारी स्त्री दिवसातून किमान पाच वेळा डोके झाकलेल्या स्थितीत दोन्ही बाजूंना मान वळवते. त्यात केस उघडे पडून चालत नाही, म्हणून नमाजचा दुपट्टा मुळातच ऐसपैस असतो आणि तसाच सैल घेतला जातो. रुकूत वाकताना आणि सजद्यात कपाळ टेकवतानाही तो पुरा पडतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने कापडाची मापे हालचालीला जुळवून घेतली गेली आहेत. बाजारात किंवा कॉलेजला जाताना घाईघाईत टाचलेला हिजाब याच कापडाचा असूनही वेगळा वागतो, कारण त्यातला झोळ टाचणीने खाल्लेला असतो.

दुचाकीवरचा स्कार्फ ही सर्वांत नवी रीत आणि मानेच्या दृष्टीने सर्वांत अवघड. पुण्यात उन्हाळ्यात, आणि आता बाराही महिने, धूर-धूळ-ऊन यांपासून बचावासाठी मुली स्कार्फ कपाळावरून घेऊन नाकातोंडाभोवती फिरवतात आणि मानेमागे गाठ मारतात. मानेभोवती कापडाचे दोन-तीन थर येतात. त्यावर हेल्मेट चढते. हेल्मेटची खालची कड आणि स्कार्फची गाठ मानेमागे एकमेकींना भिडतात, म्हणून डोके मागे नेणे अडते. हेल्मेटचा पट्टा आणि स्कार्फ हनुवटीखाली एकत्र येतात, म्हणून वळणे अडते. शिवाय नजरेचे नुकसान वेगळेच. प्रत्येक डोळा बाहेरच्या बाजूला सुमारे ९० अंशांपर्यंत पाहतो. कानशिलावरून पुढे आलेली कापडाची कड त्यातला कडेचा भाग कापते. तेवढा भाग भरून काढायला डोके आणखी वळवावे लागते, आणि वळणेच तर आधी अवघड झालेले असते. कापड असे दोनदा वसुली करते. कानांवरचे कापड बारीक, उंच पट्टीचे आवाज मंद करते. आवाज समोरून आला की मागून, हे ओळखायला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात, त्याही झाकल्या जातात. मागून येणाऱ्या वाहनाची चाहूल लागली तर बाजू ठरवायला पुन्हा मानच वळवावी लागते. गाठ मानेमागे मारण्याऐवजी स्कार्फची टोके हेल्मेटच्या आत डोक्यालाच गुंडाळली, कड कानशिलाच्या मागे ठेवली, तर यातला बराच त्रास कमी होतो. आरशांवरची भिस्त मात्र तरीही सोडू नये.

कापड एका जागी की दोन जागी अडकवले आहे हा प्रश्न फुटबॉलच्या मैदानावर थेट नियमांत उतरला. डोके झाकून खेळण्यास बंदी घालताना मानेला होऊ शकणाऱ्या इजेचे कारण पुढे केले गेले होते. जून २०११ मध्ये अम्मानला जॉर्डनविरुद्धच्या ऑलिंपिक पात्रता सामन्यात इराणच्या महिला संघाला या कारणाने खेळू दिले नाही. मैदानात उतरलेल्या त्या मुलींचे रडणे जगाने पाहिले. २०१४ मध्ये नियम बदलला आणि डोके झाकायला परवानगी मिळाली. अटींमध्ये एक अशी होती की हे वस्त्र जर्सीला जोडलेले नसावे, आणि दुसरी अशी की त्याचा कोणताही भाग बाहेर लोंबू नये. म्हणजे डोक्यावरचे कापड डोक्यापुरते ठेवा. शेतात फडके बांधणाऱ्या बाईला जे अवगत होते, ते नियमाच्या भाषेत येण्यासाठी एका संघाची पात्रता जावी लागली.

मान दुखते म्हणून आलेल्या स्त्रीची तपासणी करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला हे सगळे ठाऊक असणे गरजेचे आहे. आपल्याकडे अनेकदा पदर किंवा हिजाब तसाच ठेवून तपासणी होते, किंवा संकोचामुळे पुरी होतच नाही. बंद दार, स्त्री तपासनीस आणि आधी विचारलेली परवानगी एवढ्याने ही अडचण सुटते. आधी कापडासह पल्ला मोजावा, नंतर कापडाविना. दोन्हींत फरक असेल तर आधी कापड बांधण्याची रीत बदलावी. व्यायामाची घाई नको. फरक नसेल आणि दोन्ही आकडे कमी असतील, तर मान स्वतः आखडली आहे आणि तिच्यासाठी उपचार हवेत. स्थितीचे भान कमी आढळले तर भिंतीवरच्या किरणाचाच खेळ व्यायाम म्हणून वापरता येतो. डोके वळवायचे, डोळे मिटून मध्यावर आणायचे, डोळे उघडून चूक पाहायची, पुन्हा करायचे. दिवसातून काही मिनिटांचा हा सराव घरी, दार लावून, डोके उघडे ठेवून करता येतो.

शेवटी तिला कापड पुन्हा घ्यायला सांगावे आणि ते घेताना तिची मान पाहावी. बहुतेक स्त्रिया टाचणी लावताना हनुवटी छातीकडे ओढून, डोके अगदी सरळ आणि स्थिर धरून आरशात पाहतात. कापड त्या एका स्थितीला बेतले जाते आणि पुढे दिवसभर मानेला तीच स्थिती परत मागत राहते. टाचणी लावताना हनुवटी थोडी वर उचलावी, डोके एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे पूर्ण वळवून घ्यावे, आणि दोन्ही वेळा कड गालाला न ओढता सरकली तरच टाचणी बंद करावी.